रंगवाल्याचा रिपोर्ट

रंगवाला : तुम्हीच म्हणालात ना मघाशी, प्रमाण भरपूर, रंग व्यवस्थित, दाटपणाही ठीक. मग अडलं कुठे?

लॅबच्या बाई : आधी बसा.

रंगवाला : बसूनच आहे सकाळपासून. बाई, माझं रंगाचं दुकान आहे. डब्यात काठी बुडवून वर धरली की माल कसा आहे ते सांगतो मी. तोच हिशेब इथेही लावला. दाट आहे, पांढरं आहे, म्हणजे आपलं उत्तम. इतकी वर्षं हेच धरून चाललो होतो.

लॅबच्या बाई : वीर्याचं तसं नसतं. नुसतं बघून काही कळत नाही. शुक्राणू म्हणजे त्यातला अगदी थोडा भाग, बाकीचा सगळा द्रव. तो तुमचा चांगला आहे. पण शुक्राणू किती, त्यातले हलतात किती, आकार कसा, ते भिंगाखालीच दिसतं.

रंगवाला : मग माझे किती?

लॅबच्या बाई : एकही दिसला नाही.

रंगवाला : म्हणजे कमी आहेत.

लॅबच्या बाई : कमी नाही. नाहीतच.

रंगवाला : बाटल्यांची अदलाबदल तर नाही ना झाली?

लॅबच्या बाई : आज या तपासणीला तुम्ही एकटेच आलात. आणि मी परत पाहिलं. मशीनमध्ये फिरवून तळाशी बसलेलंही पाहिलं.

रंगवाला : मला दाखवाल?

लॅबच्या बाई : सहसा कोणी मागत नाही. या. इथे डोळा लावा, हात कशाला लावू नका.

रंगवाला : नुसता उजेड दिसतोय. ते कडेला गोल गोल काय आहे?

लॅबच्या बाई : त्या दुसऱ्या पेशी. त्यांचा याच्याशी संबंध नाही.

रंगवाला : थोडा वेळ बघत राहू? एखादा आला तर...

लॅबच्या बाई : बघा. मला घाई नाही.

रंगवाला : दुकानात दिवसभर माणसं असतात हो. पण हे सांगणार कुणाला? भाऊ हसण्यावारी नेईल. आणि मित्रांत या विषयावर सगळ्यात मोठ्या आवाजात मीच बोलतो.

लॅबच्या बाई : एका तपासणीवर शिक्का मारत नाहीत. काही आठवड्यांनी पुन्हा करायची. कधी कधी शुक्राणू तयार होतात, पण वाट बंद असते, त्यावर इलाज निघू शकतो. ते डॉक्टर सांगतील. बरोबर कोणी आलंय?

रंगवाला : कोणी नाही. माल आणायला जातो, असं बायकोला सांगून निघालो. मूल राहत नाही म्हणून उद्या तिची दुर्बिणीची तपासणी आहे, भूल देऊन. डॉक्टर कधीपासून म्हणतायत, आधी तुमचा रिपोर्ट आणा. मी टाळत होतो. काल ती बॅग भरताना म्हणाली, तू नको येऊस, उगाच दुकान बंद राहील. मला आधी बरंच वाटलं. मग कशातच लक्ष लागेना.

लॅबच्या बाई : तिला आजच कळायला हवं.

रंगवाला : उद्याचं एकदा पार पडू दे. मग सांगतो सावकाश.

लॅबच्या बाई : भूल तिला द्यायची आहे, तुम्हाला नाही.

(जिन्यात येऊन तो फोन लावतो.)

बायको : मिळाला का माल?

रंगवाला : मालाला गेलोच नव्हतो. तपासणीला आलो होतो. माझ्या.

बायको : बरं.

रंगवाला : शुक्राणू एकही नाही म्हणाल्या. माझ्यात खोट निघाली गं. उद्या भूलबिल काही घेऊ नकोस. आधी डॉक्टरांशी बोलू. दोघं.

बायको : तू आत्ता आहेस कुठे?

रंगवाला : लॅबच्या जिन्यात.

बायको : उतरू नकोस. मी निघालेच.

रंगवाला : तुला सापडेल का ही जागा?

बायको : पुन्हा वर जा. दाराबाहेर बाक आहे, त्याच्या भिंतीकडच्या टोकाला बस. तिथे बसलं की एकटेच का आलात, असं कोणी विचारत नाही.