मेंढ्याच्या पाठीवरचं पाणी

हो, मेंढ्याच्या पाठीवर पाणी मी ओतलं. उत्तर एवढंच आहे, एचान. आणि आता असा पोक काढून बसू नकोस— तालुक्याचा साहेब झालास, तरी माझ्या वर्गात ताठ बसायला शिकला होतास. चहात मध घाल. त्या गाडीचं इंजिन कशाला चालू ठेवलंय बाहेर? बंद करायला सांग ना... कारण हवंय? कारण तुम्हीच दिलंत. व्होल्गेवर धरण होणार, पाणी चढणार, म्हणून देवराई आम्ही मारी जमातीच्या माणसांनीच तोडायची? जिथली वाळकी फांदीसुद्धा आपण मोडत नाही, तिथे करवत लावायची? म्हणून तुमची पूजाबंदी मोडून राईत देवाला मेंढा नेला. पाणी ओतल्यावर त्यानं अंग झाडलं, तर देवाला बळी मान्य— हे तुला शिकवायला नको. पहिल्यांदा ओतलं, हलला नाही. दुसऱ्यांदा— नुसता दगड! सगळ्यांचे चेहरे पांढरेफटक... माझा, माझा चेहरा म्हणायचंय मला. मी एकटीच होते. मग तोक्तायनं पुन्हा प्रार्थना— छे, पुजारी नव्हताच! तो केव्हाच नदीपलीकडे गेला. तिसऱ्यांदा झाडलं बाबा अंग, आणि मी मेंढा कापला. अरे, ते धिरडं राहू दे, ते तीन पदरांचं तोक्तायला— सवयीनं केलं, दुसरं काही नाही. न्हाणीघरातून धूर? कपडे उकळतेय. खोकला? मेंढा खोकतोय.

...हो. मेंढा कापला, असं आत्ताच म्हणाले मी.

बस खाली! बस म्हणते ना, एचान! भीती वाटते का मला? वाटते. युद्धाआधी अशाच गाडीतून माझ्या नवऱ्याला नेलं. त्याची टोपी बघ, खुंटीवरच आहे. आता या म्हाताऱ्या पुजाऱ्याला नेऊ देणार नाही. ऐक, राईतच ठरलंय: ज्याला विचाराल, त्यानं म्हणायचं— पाणी मी ओतलं. साऱ्या गावानं होकार दिला. पहिला होकार तुझ्या आईचा. मेंढाही तिचाच होता. न्हाणीघराचं दार उघडायचं असेल, तर आधी घरी जा, तिला विचार, आणि ती काय सांगते ते तिच्या तोंडून ऐक. जा. जाताना दार नीट लाव. गार वारा येतो.