ससाणीची दूधभाकर

कौसाबाई : मंग, आज खादी का तिनी भाकर?

दलपत : खाल्ली ना, बाई. दुधात कुस्करून दिली, चाटूनपुसून खाल्ली.

कौसाबाई : ससाणी आन् चाटीपुशी खास. बरं शे.

दलपत : तुमच्या घरचं दूध गोड लागतं तिला.

कौसाबाई : आमना घरमा मास येत नही, भाऊ. जे शे ते मी धाडस. तुन्हा थोरला राजा मरी गया, धाकला राजाले बंदूक आवडस. त्यानी दरबारनी शिकारी पाखरं वाटी टाकात. धडधाकट दोन मोठा घरेसनी पोसाले लिनात. ही पंख मोडेल कोनी लेये ना, म्हनून मी सांगं, हिन्हं पोट मन्हाकडे.

दलपत : तुमच्यामुळंच जगली. पंख भरून आला. काल झोपडीतल्या झोपडीत या वाशावरून त्या वाशावर गेली.

कौसाबाई : म्हनूनच उनू मी. काल दुपारले डोया लागना. सपनमा मी तापीवर उडी ऱ्हायनू व्हतू. पंख नही, काही नही, लुगडामाच वारा भरायना. खाले धाबावर मिरच्या वाळी ऱ्हायन्यात. नदीना पलाडे मन्ही मायनं आंगन. निंबले झोका बांधेल.

दलपत : झोक्यावर कोण होतं?

कौसाबाई : कोनीच नही. रिकामाच हाली ऱ्हायना व्हता. आज आखाजी, दलपतभाऊ. समद्या लेकी माहेरले जातीस. मन्ही माय गई, भाऊ गया. मन्हाकरता आते कोनी गाडी जुपत नही. इले सोड. ही तरी जाऊ दे.

दलपत : हातावर खाणारं पाखरू आहे, बाई. रानात काय करील?

कौसाबाई : भूक लागनी म्हंजे शिकी जाई.

दलपत : आणि मी? दरबारात मला कुणी दलपत म्हणत नव्हतं, ससाणेवाला म्हणत. ही गेली की मी नुसता म्हातारा. सकाळी उठून हात कुणापुढं धरू? भीती वाटते मला.

कौसाबाई : माले बी वाटस. ती गई की मन्हं सपन बी जाई.

दलपत : मग कशाला सोडायची?

कौसाबाई : तिन्हं माहेर आजून शे, म्हनून.

दलपत : थांबा. आधी हिच्या पायातलं घुंगरू काढतो. ते वाजलं तर शिकार सावध होते, मग उपाशी मरेल.

कौसाबाई : घुंगरू माले दे.

दलपत : हे घ्या. हिच्या डोळ्यांवरची टोपीही काढली. बघा कशी बघते. ऊन पहिल्यांदाच पाहिल्यासारखी.

(दलपत तिच्या पायातली चामड्याची वादी कापतो. ससाणी थोडा वेळ त्याच्या मुठीवरच बसून राहते. मग उडते.)

कौसाबाई : कोठे शे? मन्ह्या डोयाले ऊन लागस.

दलपत : चिंचेवर टेकली नाही. तापीकडं वळली. चढतेय.

कौसाबाई : नदी वलांडी का?

दलपत : ओलांडली.

कौसाबाई : आते मन्ही मायना आंगनवर व्हई.

दलपत : असेल. मला आता नुसता ठिपका दिसतो. तोही नाही.

कौसाबाई : तुन्हा हात कसाले वर शे आजून?

दलपत : मी नाही उचलला. वजन गेलं तसा आपोआप वर गेला. खाली यायला तयार नाही.

कौसाबाई : ऱ्हाऊ दे मंग.

दलपत : बाई, उद्यापासून दूधभाकर नका धाडू. खाणारी गेली.

कौसाबाई : ती तू धरेल मन्हा वावरना उंदीर खाये, माले काय ठाऊक नही? आन् साय रोज तुन्ह्या मिशीले दखाये.

दलपत : मग इतके दिवस बोलला नाहीत?

कौसाबाई : आज सन शे. तुले पुरनना मांडा धाडस. ऊन ऊन शे तवय खाई ले.