बिनकामाचे शब्द

(जर्मनीतल्या कासेलमधल्या एका वृद्धाश्रमाची जेवणाची खोली. दुपार. लोथार लोझे सुपाच्या वाडग्यापुढे बसलाय; एका बाजूला त्याची बायको इर्मट्राउट, दुसऱ्या बाजूला चमचा घेऊन उभा असलेला मुख्य परिचारक टोर्बेन.)

इर्मट्राउट : नुसतं ‘खा’? आमच्या कुत्र्याशीसुद्धा मी असं बोलले नाही कधी.

टोर्बेन : चिडू नका, फ्राउ लोझे. विस्मरणाच्या रुग्णांशी बोलायची इथली पद्धत आहे ही. एक वाक्य, एक काम. ‘माल’, ‘डोख’, म्हणजे ‘जरा’, ‘ना’, ‘की’, असल्या शब्दांना अर्थ नसतो. त्यांनी रुग्णांचा गोंधळ होतो, म्हणून कर्मचाऱ्यांना ते बंद करायला सांगितलेत मी.

इर्मट्राउट : गोंधळ कुणाचा? माझा नवरा इथे आला तेव्हा हेच मसुराचं सूप, वर व्हिनेगर घालून, मागून मागून प्यायचा. तुमचं शहाणपण सुरू झालं आणि त्यानं तोंड मिटलं.

टोर्बेन : आजार वाढतोच. उद्या डॉक्टर येताहेत. असंच चाललं तर हेर लोझेंच्या पोटात नळी घालावी लागेल.

इर्मट्राउट : घाला की. नळीशी बोलायचीही कटकट नाही.

टोर्बेन : मी या विषयाचं रीतसर प्रशिक्षण घेतलंय.

इर्मट्राउट : दिसतंय ते. फी घेऊन शिकवतात वाटतं हल्ली, माणसांवर खेकसायचं कसं.

टोर्बेन : एवढ्याशा शब्दांनी कुणाला भूक लागत नाही हो.

इर्मट्राउट : मग ऐका. लोथार अनाथाश्रमात वाढला. तिथे असंच बोलायचे. ‘ऊठ. खा. गप्प बस.’ पोरानं ओकलं, तर तेच परत खायला लावायचे. आज तो सगळं विसरलाय, माझं नावसुद्धा. तो आवाज तेवढा विसरला नाही. अख्ख्या संसारात या माणसानं मला ‘मीठ दे’ असं म्हटलं नाही. ‘देतेस का जरा’, रागात असला तरी. शेजारणी हसायच्या. मला तेवढ्यासाठीच आवडायचा तो.

टोर्बेन : हे आधी सांगायचं ना.

इर्मट्राउट : विचारलं कुणी? दात खरे की कवळी, एवढीच तुमची चौकशी. धरा हा चमचा. माझ्यासमोर भरवा.

टोर्बेन : हेर लोझे. तोंड उघडा.

इर्मट्राउट : खांदे बघा कसे आवळले त्यानं. आता मार बसणार असं वाटतंय त्याला. माणसासारखं बोला.

टोर्बेन : सगळे बघताहेत.

इर्मट्राउट : बघू देत. हुकूम सोडताना लाज नाही वाटली, मग आता कसली वाटतेय?

टोर्बेन : हेर लोझे... थोडं खाऊन बघा ना. गरम आहे हो. व्हिनेगरसुद्धा घातलंय जरासं.

इर्मट्राउट : गेला घास.

टोर्बेन : योगायोग असेल.

इर्मट्राउट : असेल. दुसरा चमचा द्या, तोही योगायोगानंच जाईल.

टोर्बेन : घ्या की आणखी थोडं. सावकाश घ्या, घाई नाही काही.

लोथार : उभा का तू? बस की जरा. तुझंही जेवायचं राहिलंच असेल ना, पोरा.