फिल्म आणायला

जळीत वॉर्डाबाहेरच्या बाकावर एक बाई आणि तिच्या नवऱ्याच्या कामावरचे गृहस्थ बोलत होते.

“वहिनी, लॅबमध्ये चाचणीचा स्फोट होतानाच त्याचे एक्स-रे घेतो आम्ही, सेकंदाला हजारो. गेल्या महिन्यापासून पोलादी पेटीतला डिटेक्टर ते थेट कॉम्प्युटरवर पाठवतो, फिल्म लागतच नाही.”

“मग हे आत कशाला गेले?”

“पूर्वी दर स्फोटानंतर एक्स-रेची फिल्म आणायला दादाच स्फोटाच्या खोलीत जायचे. वीस वर्षांची सवय, पाय आपसूक वळले. आणि उरलेली स्फोटकं तेव्हाच उडाली.”

“मघाशी शुद्धीवर आले, तेव्हा काही बोलले?”

“‘फिल्म जळली नाही ना?’ एवढंच.”

“तुम्ही काय सांगितलंत?”

“म्हटलं, दादा, स्वच्छ आलीय. धुऊन वाळत घातलीय.”