मोहाखालची झोप

तुमाले तं मालूमच हाय, आपण फिरतो ते रेल्वेनं, सायकलनं, नाहीतं पायी. ना धूर, ना कचरा, ना कोणाले तरास.

तं मागच्या चैतात पहाटेच्या गाडीनं सायकल घेऊन मुकुटबनले उतरलो. कोलाम आदिवासींच्या एका पोडापर्यंत, म्हंजे वस्तीपर्यंत, सायकल हाणली, पुढं चढ लागला म्हणून ती हाती धरून पायीच जंगलात घुसलो. एका मोहाखाली फुलांचा सडा पडला होता. वास असा गोड, का मी तिथंच आडवा झालो. वरून टपटप फुलं पडून राह्यली होती, अन् झोपेत मले वाटे, मीच आभाळातून हळूहळू खाली येऊन राह्यलो.

जाग आली तं ऊन वर आलं होतं. जमीन साफ, एक फूल नाही. बाजूले एक बाई भरली टोपली घेऊन माह्याकडं पाहत बसली होती.

"झाड तुमचं हाय काय, मावशी?"

"हाव."

"सारं येचून झालं, मंग घरी काहून नाही गेल्या?"

"तू निजला होता ना, भाऊ."

"माह्यासाठी थांबल्या?" मले तं भरूनच आलं.

"तुह्यासाठी कायले?" मावशी म्हणे. "तुह्याखाली माही फुलं हायेत."