छत्तीस फोटोंत एकच शेठ

मी कॅमेरा बदलायला गेले आणि दुकानदाराचा अल्बम घेऊन आले, हे तुम्हाला सांगितलंच नाही ना? नाना, म्हणजे माझे वडील, धुळ्यातल्या देवपुरात फोटो स्टुडिओ चालवायचे. त्यांचं म्हणणं एकच, “कंपनी बदलू नको, आपल्या तिन्ही लेन्स त्याला बसणार नाहीत, वाया जातील.” मला मात्र लग्नसराईआधी दुसऱ्या कंपनीचा, मोटरवर आपोआप रीळ सरकवणारा, बटण दाबून धरलं की एकामागून एक फोटो काढणारा कॅमेरा हवा होता. शेवटी एक कोरा रोल घेऊन जळगावचं दुकान गाठलं.

दुकानाचे शेठ माझा रोल तसल्या कॅमेऱ्यात भरून देत म्हणाले, “ताई, माझाच फोटो काढून बघा ना.”

मी बटण दाबलं. हातात कर्रर्र झालं तशी मी दचकले. आणि दचकल्यावर माझं बोट सुटत नाही, आणखी आवळतं. शेठ आधी हसले, मग “ताई, बोट काढा” म्हणाले, शेवटी काउंटरखाली बसले. रोल संपला तेव्हाच कॅमेरा थांबला.

धुळ्याला आल्यावर नानांनी रोल धुतला, छत्तीसही फोटो बघितले.

“बठ्ठा फोटो शेठनाच शेतस?” नानांनी अहिराणीत विचारलं.

“हो, सगळे फोटो शेठचेच आहेत,” मी म्हणाले.

“आपल्याच कंपनीचा नवा घे,” नाना म्हणाले, “पण दर फोटोला अंगठ्याने रीळ सरकवावं लागतं असा. म्हणजे तू दचकलीस तरी एकच फोटो जाईल.”