भिंतीवरचे मालक

११ फेब्रुवारी, मंगळवार. आकाश निरभ्र, हवा कोरडी; दुपारपर्यंत स्टुडिओचा पत्रा चांगलाच तापला होता. मालिकेच्या शेवटच्या भागासाठी दिवाणखान्याचा सेट लागत होता. सेट सजवणारी बाई शिडीवर उभी होती, हातात हातोडी, आणि चॅनेलच्या ऑफिसातून आलेली मुलगी खाली.

— छे हो मॅडम, काढायचा कसा? तुम्ही आधी बसा. तिथे नको, त्या सोफ्याचा एक पाय नुसता टेकवलेला आहे, कॅमेऱ्यापुरता — हां, त्या खुर्चीत बसा, ती खरी आहे. काय म्हणत होते मी — मालकांना काढायचं म्हणजे कसं शक्य आहे? कोण मालक काय विचारता! हेच की, हा फोटो. आमच्या धंद्यात याला मालक म्हणतात. शॉटच्या आधी कॅमेरावाले दादा ओरडतात, 'मालक बसले का?' मी म्हणायचं, 'बसले', की मगच पुढचं. एकदा विसरले होते, तर एकाच दिवसात दोन दिवे फुटले आणि नायिकेला कांजिण्या आल्या. तेव्हापासून कुणाची हिंमत नाही. अहो, हसताय काय, खरंच सांगते! इतकी वर्षं झाली, माझ्या हातून गेलेली एक मालिका, एक सिनेमा दाखवा ज्यात मालक नाहीत. बँकेत संस्थापक म्हणून बसले, खलनायकाचे वडील झाले, शाळेत मुख्याध्यापक झाले. जुन्या काळातल्या सिनेमात मिशा रंगवून दिल्या त्यांना. अंतराळयानाचा सिनेमा होता, त्यातही होते — दिग्दर्शक डोक्याला हात लावून म्हणाला, 'बाई, यानात कुणाचा फोटो कशाला असेल?' मी म्हटलं, मालक नसतील तर तुमचं यान उडायचं नाही. लावला. दुसरे सेटवाले सुद्धा माझ्याकडून प्रती घेऊन जातात आता. त्या तिकडच्या चॅनेलवरच्या पोलीस मालिकेत दिसतात ना, ते आमचेच.

आणि बघणाऱ्यांना काय कळत नाही असं समजू नका. मोबाईलवर ग्रुप आहे लोकांचा, 'मालक दिसले' म्हणून. कुठल्या भागात, कुठल्या भिंतीवर, सगळं टिपतात. म्हणून एका लेखकाने विनोदी सिनेमात गंमतच केली — दोन चोर तीन वेगवेगळ्या घरात शिरतात, तिन्ही घरात मालकांचाच फोटो, तर एक चोर दुसऱ्याला विचारतो, 'अरे, हा माणूस राहतो तरी कुठे?' काय हसलं थिएटर! खुर्च्या वाजवल्या लोकांनी. मी — मी बाहेर येऊन उभी राहिले होते तेव्हा. आत फार गरम होत होतं.

परवानगी? चेहऱ्याची? अहो, कुणाची परवानगी घेणार? जुन्या बाजारात फ्रेमसकट मिळालेला फोटो आहे हा. अशा ढिगाने असतात, कोण कुठले देव जाणे. कोण येतंय विचारायला! उगाच तुमच्या वकिलांनी काहीतरी काढलंय. आणि साधा चेहरा आहे हो, नीट बघा, कुठेही खपून जाईल असा — भुवईवर तेवढी ती खूण आहे, तो फोटोतला डाग नाही, सायकलवरून पडले होते ना, टाकेसुद्धा घेऊ दिले नव्हते त्यांनी, नुसती हळद —

नाही. काही नाही. असं वाटतं बघून, म्हणून म्हटलं.

असं बघू नका माझ्याकडे.

बरं, बाबा आहेत माझे. झालं? युनिटमध्ये कुणाला माहीत नाही, तुम्हीही बोलू नका. सगळ्यांना वाटतं बाईंची गंमत आहे, वाटू दे. बाबा गेले घरातून. म्हणजे वारले नाहीत — निघून गेले. कारखान्यातून काढलं होतं त्यांना, आणि घरी सांगितलंच नाही. रोज सकाळी डबा घेऊन निघायचे, संध्याकाळी रिकामा डबा घेऊन यायचे, कित्येक महिने. आईने एकदा भाजीत मीठच घातलं नव्हतं, विसरली, तरी म्हणाले कँटीनमध्ये सगळ्यांनी बोटं चाटली. मग एक दिवस कारखान्यातले एक जण रस्त्यात आईला भेटले आणि बोलता बोलता बोलून गेले. आईने घरी येऊन यांना एका शब्दाने विचारलं नाही, पण तोंडावर दिसलं असणार. दुसऱ्या दिवशी डबा घेऊन गेले ते गेलेच. शोधलं, सगळं केलं, ते सांगत बसत नाही.

पण मला एक ठाऊक होतं. बाबा टीव्ही सोडणार नाहीत. जिथे असतील तिथे, चहाच्या दुकानात उभं राहून का होईना, बघणार. आणि बाबा माणसं बघायचे नाहीत हो, भिंती बघायचे! नायिका ढसाढसा रडतेय आणि हे म्हणणार, 'ते घड्याळ बघ, मघाशी सव्वातीन होते, आता दहा वाजले.' आई चिडायची — तुम्हाला काळीज आहे का भिंत? — तर म्हणायचे, 'माणसं काय, सगळ्यांनाच दिसतात.' म्हणून मी या कामाला लागले. दुसरं काही येत नव्हतं म्हणून नव्हे. म्हटलं, बातमीत दिलेला फोटो बघणार नाहीत, भिंतीवरचा बघतील. बघतील आणि त्यांना कळेल की घरचे विसरले नाहीत. आई अजून रोज विचारते, 'आज कुठे बसवलंस त्यांना?' आणि मग टीव्हीसमोर बसते. थट्टेखोर आहे आमची आई. 'अगंबाई, परत मारलंस का त्यांना?' म्हणते आणि हसते.

म्हणून सांगते मॅडम, आजचा दिवस राहू द्या. ही मालिका संपली की आमचं खातंच बंद होतंय, सगळे सेट आता कॉम्प्युटरवर होणार, भिंतसुद्धा नसणार खिळा मारायला. शेवटचा भाग सगळं जग बघतं. मी फोटो मुद्दाम मधोमध घेतलाय, दिव्याखाली. एवढा एक भाग. पाया पडते हवं तर. शिडीवरून उतरून पडते.

काय?

कोण आलं होतं?

थांबा. थांबा जरा, उतरू द्या मला. — नाही, धरू नका, येतं मला उतरता.

तुमच्या ऑफिसात? काल? स्वतः? म्हणजे — कसे होते? काठी होती का? कपडे कसे होते, स्वच्छ होते का? बरोबर कुणी? एकटेच. भुवईवर खूण बघितलीत तुम्ही? बघितलीत. आवाज चढवला का त्यांनी? नसेलच, त्यांना येतच नाही ते. काय म्हणाले, अगदी त्यांच्या शब्दांत सांगा, गाळू नका काही —

'घरच्यांचं चुकलं नाही. पण किती वेळा मारणार, आता पुरे म्हणावं.'

असं म्हणाले?

मारणार म्हणजे? कुणी मारलं? आम्ही तर —

अगं आई गं.

नाही, तुला नाही म्हटलं. तुला कळलं का ते काय म्हणाले? तुला कसं कळणार, तू ऑफिसात बसतेस. आमच्यात साधा हिशोब असतो, पहिल्याच दिवशी शिकवतात. मेलेला माणूस भिंतीवर, जिवंत माणूस टेबलावर. भिंतीवर मोठा फोटो दिसला की बघणाऱ्याला सांगावं लागत नाही, हे वारलेले वडील. संस्थापक — वारलेले. मुख्याध्यापक — वारलेले. मला वाटायचं मी त्यांना हाक मारतेय. आणि ते एवढी वर्षं, कुठल्या कुठल्या दुकानात उभे राहून, बघत होते की पोरीने आपल्याला पुन्हा एकदा... आणि आई हसत हसत तेच सांगत होती गं मला, रोज! भिंती वाचणाऱ्या माणसाला मी भिंतीवर —

पत्ता दिला? ठेवला तरी असेल कुठे, तक्रारीच्या अर्जावर, सहीच्या खाली, फोन नंबर? दिला नाही, की तुला सांगायची मनाई आहे? खरं सांग. दिलाच नाही. बरं.

ऐक, ऐक ना. एक वाक्य घाल. फक्त एक. लेखकांना फोन लाव तुझ्या मोबाईलवरून, माझा उचलणार नाहीत. नायिका दारातून आत येते, तेव्हा फोटोकडे बघून तिने एवढंच म्हणायचं, 'बाबा परगावी गेलेत, येतील.' झालं! एका वाक्यात माणूस जिवंत होतो गं, आम्ही शंभरदा केलंय असं! नाही कसं? लाव तर खरं. — काय म्हणतात? पटकथा पक्की झालीय म्हणजे काय, मालिका आहे की दगडावरची रेघ? आणि फोटोच दाखवायचा नाही तर वाक्य कशाला, असं म्हणाले. हो. तेही खरंच. ते स्वतःच नको म्हणून गेलेत.

मग माझा लावते. माझी परवानगी आहे ना माझ्या चेहऱ्याला? आईचा आणि माझा, आहे माझ्या पर्समध्ये, गेल्या वर्षीचा, मोठा करून आणते तासाभरात, याच खिळ्याला — नको. नको नको. काय बोलतेय मी! भिंतीवर बघितला तर म्हणतील आम्ही दोघी गेलो.

टेबलावर. टेबलावर ठेवते, छोटा, उभ्या फ्रेमचा. त्यांना बरोबर कळेल. टेबल शॉटमध्ये आहे का पण? कॅमेरावाले दादा, ओ दादा! — ऐकत नाहीत. डाव्या बाजूला सरकवते मी टेबल, फुलदाणी काढते, दिव्याच्या जवळ. त्याला तरी तुमची हरकत नाही ना? विचारून सांगते म्हणू नकोस, आत्ता सांग. नाही ना? नाही म्हण. हां.

हा घे मालकांचा. फ्रेमसकट घेऊन जा तुझ्या साहेबांना दाखवायला. काच फुटकी आहे एका कोपऱ्यात, हात जपून. आणि ते परत आले ऑफिसात, तर —

तर काही नाही. ते येणार नाहीत तिथे. जा तू आता, शॉट लागायचाय. जा म्हणते ना.

शेवटचा भाग शुक्रवारी दाखवण्यात आला. दिवाणखान्याची भिंत रिकामी होती. टेबलावरचा दोघींचा फोटो दोनदा दिसला, दुसऱ्या वेळी स्पष्ट. घरी कोणी आलं नाही.